आरोपी नंबर दोनची भाकरी

बनूबाईचं नाव आधी सांगतो, काय झालं ते मग. कोर्टाच्या कागदावर ती आरोपी नंबर दोन होती. आरोपी नंबर एक म्हणजे तिचा मुलगा रघुनाथ. फिर्यादी, म्हणजे तक्रार देणारी, तिची सून सुमन. आणि मी आरोपींच्या वकिलांचा कारकून. खरं तर कारकुनानं पक्षकाराला सांभाळायचं असतं. इथं पक्षकारानं कारकुनाला सांभाळलं.

शहापूरच्या कोर्टात शिपायानं दोघा आरोपींच्या नावाचा पुकारा केला. कोणी आलं नाही. दुसरा केला, तिसरा केला. मी व्हरांडा पाहिला, बाहेरची चहाची टपरी पाहिली, एसटी स्टँडपर्यंत धावत जाऊन आलो. माणसं नव्हती. मागच्या तारखेलाही नव्हती, त्याच्या आधीच्याही. आमचे कर्णिक वकील दर वेळी उभे राहून काहीतरी कारण देत होते. एकदा पावसानं रस्ता बंद, एकदा आजारपण. या वेळी कारण उरलं नव्हतं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी फाइलमधून वर न बघता सांगितलं, "नॉन-बेलेबल वॉरंट."

म्हणजे पोलिसांनी दिसेल तिथून उचलायचं आणि कोर्टापुढे उभं करायचं. पोलीस स्टेशनात जामीन नाही.

बाहेर आल्यावर साहेबांनी काळा कोट माझ्या हातात दिला. "मराठवाडा, तुझी मावशी कुठाय?"

"माहीत नाही साहेब."

"दर तारखेला तिच्या हातची भाकरी खातोस आणि माहीत नाही? उद्या सकाळची पहिली गाडी पकड. दोघांना घेऊन ये. पोलिसांच्या आधी पोच म्हणजे झालं."

मी मराठवाड्यातला, लातूरकडचा. वडील गेले आणि आठवीत शाळा सुटली. गावचा एक जण हायवेच्या कामावर घेऊन आला. काम संपल्यावर तो गेला, मी राहिलो. अक्षर बरं होतं, म्हणून कर्णिक साहेबांनी ठेवून घेतलं. तारखा लिहायच्या, नकला आणायच्या, पक्षकारांना वेळेवर आत उभं करायचं, हे माझं काम. भाताच्या गिरणीमागं एक खोली होती. आठवडाभर गिरणीचा आवाज असायचा. रविवारी तोही नसायचा. मग मी ऑफिसात येऊन बसायचो. टेबल पुसायचो, परत पुसायचो. सगळ्याची भीती वाटायची. तारीख चुकेल, साहेब काढून टाकतील, गावाकडं आईला काय सांगू.

या केसची पहिली तारीख आठवते. दुपारच्या सुट्टीत मी व्हरांड्यात बिस्किटं खात होतो. शेजारी एक बाई फडकं सोडत होती. तांदळाची भाकरी, सुकट आणि कांदा.

"काय रे पोरा, जेवायच्या टायमाला बिस्कुटं? घर नाय तुला?"

"आहे. लांब आहे."

"लांब म्हंजे? कल्याणच्या पलीकडं?"

"लई पलीकडं. रातभर गाडीत बसावं लागतं."

तिनं भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. "मंग जेव. गाडी पोचायला टाइम हाय."

तारखेला लोक तोंड पाडून येतात. त्या अख्ख्या इमारतीत तारखेची वाट बघणारा मी एकटाच असेन. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, त्यांचा नंबर लागला की मी बिस्किटं घ्यायचो नाही.

सुमन तेव्हा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडं पाठ करून, बापाजवळ बसायची. तिचं माहेर किन्हवलीकडचं, म्हणून केस शहापूरला. रघुनाथ दारू पिऊन मारायचा. बनूबाई मारायची नाही, पण तोंडानं जाळायची. हे मी कागदावरून सांगत नाही. खुद्द बनूबाईनं सांगितलं. "माझं तोंड वायट रे. भाकरी बरी करते म्हनून लोक सहन करतात."

मग एका पावसाळ्यापासून ती माणसं यायची बंद झाली. मी परत बिस्किटांवर आलो. वाटलं, आपल्या हातून काही चुकलं असेल.

दुसऱ्या दिवशी बनूबाईच्या गावासाठी धसईला उतरलो आणि पुढं चालत गेलो. भातं कापून झाली होती. बनूबाईच्या खळ्यावर दोन बायका समोरासमोर उभ्या राहून भाताच्या पेंढ्या लाकडावर झोडत होत्या. एक बनूबाई. दुसरी सुमन.

मी तिथंच थांबलो. फिर्यादी आणि आरोपी नंबर दोन. एक पेंढी हिची, एक तिची.

"आला रे माझा शहापूरचा पोरगा!" बनूबाई ओरडली. "गो सुमन, पानी आन. बघ कसा सुकलाय."

"मावशी, तारखेला का आला नाहीत?"

"कसली तारीख आता? मिटलं ना आमचं."

मिटलं कसं, ते तिनं खळ्यावरच सांगितलं. आवणीचे दिवस होते. आवणी म्हणजे भाताची लावणी. पाऊस लागला की रोपं थांबत नाहीत, आणि घरात हात एकाच बाईचे. रघुनाथ भातसानगरला धरणावर रोजंदारीत, तो तिकडंच राहायचा. बनूबाईनं सुमनच्या माहेरी निरोप धाडला, "भांडण नंतर करू. आवणीला ये." आणि सुमन आली. दोघी न बोलता चिखलात उभ्या राहिल्या. शेवटच्या खाचरात बनूबाई बोलली, "तुझ्यावानी सरळ ओळ मना आजवर जमली नाय." सुमननं मला नंतर सांगितलं, सासूनं केलेली ती पहिली तारीफ. रघुनाथची बाटली त्याच्या आधीच सुटली होती. मग गावाची बैठक बसली. गावदेवीसमोर नारळावर हात ठेवून दोन्ही घरांनी शपथ घेतली, आजपासून कोणी कोर्टाची पायरी चढायची नाही.

शपथ मनापासून घेतली होती आणि मनापासून पाळली होती. म्हणून वॉरंट निघालं.

मी वॉरंटचं सांगितलं. बनूबाईनं पेंढी खाली ठेवली.

"मिटलेल्याचं वारंट?"

"मावशी, भांडण तुमचं असलं तरी केस सरकारची आहे. चारशे अठ्ठ्याण्णव अ, बायकोच्या छळाचं कलम आहे. सुमनवहिनींनी 'नको' म्हटलं तरी ती बंद होत नाही."

"मार हिनं खाल्ला आनि रुसनार सरकार?"

मी खाली मान घालून पाणी प्यायलो.

तेवढ्यात घरातून रघुनाथ बाहेर आला. कामावर असायला हवा होता, तर घरात बसून होता. "काल सांजच्याला धरणाच्या कॉलनीत पोलीस माझं नाव इचारून गेला," तो म्हणाला. "मी पळून आलो. औंदा आमच्यातल्या काही लोकांना कायम करनार हायेत. कामावरचा साहेब बोलला, तुझं नाव हाय, पन पोलीस केस हाय तोवर नाय. अटक झाली तर रोजंदारीबी जाईल."

सुमन दाराला टेकून उभी होती. खळ्यावर सगळ्यांना कळत होतं. नोकरी गेली की रघुनाथ घरी बसणार, घरी बसला की बाटली, आणि बाटली आली की सुमन परत किन्हवलीला.

"तर मग चला," मी म्हणालो.

कोणी हललं नाही. शपथ होती.

बनूबाईनं कौल लावायचं ठरवलं. गावदेवीच्या देवळात चार माणसं गोळा झाली. कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शपथ मोडून कोर्टात जावं का, असं बनूबाईनं विचारलं. आम्ही बसून राहिलो. मी पण हात जोडले होते. आमच्याकडं कौल नसतो, तरी जोडले.

डावी पडली.

माणसं उठली. एक म्हातारा बोलला, "झालं. देवीनं सांगलं." सुमन हळूच म्हणाली, "आई, राहू दे. कायतरी होईल."

बनूबाई उठली नाही. देवीकडं बघत राहिली आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलायला लागली. "तू बरोबर हायस. शपथ तुझ्यापुढंच घातली, तू नायच बोलनार. पन तुला वारंट ठावं नाय. आमी पायरी चढतो. दोष मना एकटीला लाव. या पोरांना नको, त्या शहापूरच्या पोराला तर नकोच, त्याला हितं कोन नाय."

मग ती बाहेर आली, दारात काढलेल्या आपल्या चपला उचलल्या आणि देवळाच्या कडेला ठेवल्या. "केस सरेपत्तुर या हितंच."

माझ्यासाठी देवीशी कोणी बोलल्याला फार वर्षं झाली होती. मी बूट बांधायच्या निमित्तानं खाली वाकलो.

वॉरंट रद्द करणं सोपं असतं. आपल्या पायानं हजर व्हायचं, बोलणी खायची, परत बंधपत्र द्यायचं. ते झालं. अवघड पुढं होतं.

कर्णिक साहेबांनी ऑफिसात तिघांना समोर बसवून सांगितलं. काही गुन्हे दोन्ही बाजूंनी ठरवलं की कोर्ट मिटवून टाकतं. त्याला आम्ही कंपाउंडेबल म्हणतो. हा तसा नाही. आता रस्ते दोन. एक, सुमननं शहापूरच्या कोर्टात साक्षीला उभं राहून सांगायचं की असं काही घडलंच नाही. त्याला फितूर होणं म्हणतात. दुसरा, मुंबईला हायकोर्टात जायचं. नवराबायकोचं खरंच मिटलं असेल तर हायकोर्ट अशी केस रद्द करू शकतं. तसं करायला तेव्हा सुरुवात झाली होती. त्याला क्वॉश म्हणतात.

"पहिला रस्ता स्वस्त आहे," साहेब म्हणाले.

"पन घडलं होतं ना," सुमन म्हणाली.

"म्हणून दुसरा सांगितला." साहेबांनी मला मजकूर लिहायला बसवलं. हायकोर्टासाठी सुमनचं प्रतिज्ञापत्र लागत होतं, आपली हरकत नाही असं. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'सदर तक्रार मी गैरसमजातून दिली होती.' नेहमीचं वाक्य. अशा प्रत्येक कागदात असतं.

वाचून दाखवल्यावर सुमननं विचारलं, "गैरसमज कसला?"

"बाई, ती लिहायची पद्धत आहे."

"गैरसमज नव्हता साहेब. कानशिलात होती."

"अहो, असं लिहिलं की सोपं जातं."

"यानं मारलं होतं ते खरंय. आता मारत नाय तेबी खरंय. दोनीबी लिवा, मंग सही करते."

रघुनाथ जमिनीकडं बघत होता. साहेबांचा चेहरा लाल झाला. माझ्या हातातला पेन थांबला. वाटलं, आता उठून जातील, केस राहील, वॉरंट परत निघेल. तेवढ्यात बनूबाई बोलली.

"लिवा साहेब, ती सांगते ते. आनि मीबी तिला नाय नाय ते बोलली होती. तेबी घाला."

साहेबांनी आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. "मराठवाडा, ऐक. आरोपीच म्हणतेय, माझ्याविरुद्ध अजून लिहा. असा पक्षकार परत मिळायचा नाही." आणि हसले. "खोड ते वाक्य."

खोडलं. नव्यानं लिहिलं. जे घडलं ते घडलं होतं, आता आम्ही राजीखुशीनं एकत्र नांदतो, केस रद्द करायला माझी हरकत नाही. सुमननं सावकाश सही केली.

हायकोर्टात नंबर लागायला उन्हाळा उजाडला. मधल्या काळात शहापूरच्या तारखा चालूच होत्या. आता ते तिघं एकाच एसटीनं येत आणि एकच फडकं सोडून जेवत. चौथा मी. कोर्टातला हवालदार येता-जाता टोमणा मारायचा, "यांच्यात फिर्यादी कोण तेवढं सांगा रे, पुढच्या वेळी चुकून भलत्यालाच आत घेईन." बनूबाई त्यालाही भाकरी द्यायची.

एकदा तिनं विचारलं, "तुझ्याकडं कसली भाकरी?"

"ज्वारीची."

"आई करते?"

"हो. अशी पातळ की दिव्यापुढं धरली तर उजेड दिसतो."

"गप रे," ती म्हणाली. "भाकरीतून उजेड!"

मुंबईला त्यांना मीच घेऊन गेलो. स्टेशनाबाहेर दुपारचं डांबर तापलं होतं. बनूबाई अनवाणी. मी म्हटलं, "मावशी, स्वस्तातल्या चपला घेऊ, मुंबईत देवी बघत नाही." तिनं डोळे वटारले. भिंतीच्या सावलीनं आम्ही एकामागं एक चाललो, सगळ्यात पुढं ती. हायकोर्टाच्या दगडी पायरीवर तिनं पाय ठेवला आणि म्हणाली, "ही बरी गार हाय. हिच्यासाठी शपथ मोडायला हरकत नव्हती."

आत आमचा नंबर आला. मुंबईच्या वकिलांनी इंग्रजीत थोडं सांगितलं. सरकारी वकिलांनी कागद बघितले. न्यायमूर्तींनी सुमनला पुढं बोलावलं आणि मराठीत विचारलं, "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?"

"दबाव होता तवा तक्रार केली साहेब. आता नाय."

"पुन्हा त्रास झाला तर?"

सुमननं एकदा रघुनाथकडं बघितलं. "तर परत येईन. आता रस्ता ठावा झालाय."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. न्यायमूर्तींनी कागदावरून परत एकदा नजर फिरवली. 'घडलं ते घडलं होतं' या वाक्यावर येऊन थांबले असतील, असं मला उगाच वाटलं. मग स्टेनोला सांगायला लागले. इंग्रजी होतं. मला एकच शब्द कळला, क्वॉश. मी मागं वळून बनूबाईला मान हलवून सांगितलं. तिनं तिथंच, कोर्टाच्या फरशीवर, वाकून हात टेकले. शिपाई म्हणाला, "आजी, उठा, पुढची केस आहे."

हायकोर्टाच्या आदेशाची प्रत शहापूरला दाखल झाली, तो त्यांचा शेवटचा दिवस. आत पाच मिनिटांचं काम. सरकार विरुद्ध रघुनाथ आणि एक, केस बंद. दुपारी आम्ही नेहमीच्या जागी बसलो. बनूबाईनं फडकं सोडलं. भाकऱ्या पांढऱ्या नव्हत्या. जाड होत्या, कडा फाटलेल्या, एक तर तीन तुकड्यांत.

"मुरबाडच्या बाजारातनं ज्वारी आनली," ती म्हणाली. "आमच्या हाताला येत नाय रे ही. थापली की मोडते. पाच फेकल्या कुत्र्याला. उजेड-बिजेड काय दिसायचा नाय, तसाच खा."

मी खाल्ली. दगडासारखी होती. मी सगळी खाल्ली.

स्टँडवर सोडायला गेलो. मी म्हणालो, "मावशी, आता शहापूरला आलात की ऑफिसला या."

"नाय रे," ती म्हणाली. "ऑफिस कोर्टालाच लागून हाय. शपथ आजपासून परत चालू. देवीकडं दोष फेडायचा, चपला घालायच्या, आनि परत ती पायरी बघायची नाय. तू ये. आवणीला ये, झोडनीला ये, असाच ये."

गाडी गेली. मी परत येऊन दुसऱ्या दिवशीचा बोर्ड लिहिला. त्यात ओळखीचं कोणी नव्हतं.

रघुनाथ पुढं कायम झाला. पेढे घेऊन तो एकटाच आला आणि रस्त्याच्या पलीकडं उभा राहून मला हाक मारली. शपथ त्यालाही होती. म्हणाला, "आई इचारत होती, पोरगा जेवतो का." मी म्हटलं, जेवतो.

मी तेव्हा गेलो नाही. ती 'असाच ये' म्हणाली होती, पण असंच जायची मला सवय नव्हती. ज्याच्या दारात जायचं त्याच्याकडं काही काम असावं, कागद असावा, असं इतक्या वर्षांत अंगात भिनलेलं. सुट्टीच्या दिवशी स्टँडवर जायचो, धसईची गाडी लागलेली बघायचो आणि परत यायचो.

त्यानंतर अशा पुष्कळ केसेस पाहिल्या. त्यातून मला एवढंच कळलं. भांडण मिटल्यावर कोर्टात जायचं थांबवू नका, तेव्हाच जास्त वेळेवर जा. आणि कारकुनानं एक ध्यानात ठेवावं. काम चांगलं झालं की पक्षकार परत येत नाही. हाच कामाचा पुरावा असतो, आणि तोच घेऊन संध्याकाळी खोलीवर जायचं असतं.

बनूबाई आता थकली आहे असं कळतं. माझ्या आईचे गुडघे गेले आहेत, पण हात अजून चांगले आहेत. मी आईला घेऊन धसईला जाणार आहे. सोबत आमच्या रानातली ज्वारी नेईन. आई बनूबाईच्या चुलीवर भाकरी थापेल, मी ती दिव्यापुढं धरून दाखवीन. बनूबाईच्या अर्ध्या भाकरीची परतफेड मला तिच्याच दारात करायची आहे, आणि ती मी करणार.